सावकार झालेला मध्यमवर्ग आणि ‘व्याजापूर्वीचा’ नफा



कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात व्याजाचे दर सांगितले आहेत. शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण हा धर्म्य दर. व्यापारासाठी घेतलेल्या कर्जावर पाच पण, अरण्यातून माल नेणाऱ्यासाठी दहा आणि समुद्रमार्गे जाणाऱ्यासाठी वीस. पैसा तोच, धनकोही तोच. परंतु माल वाटेत लुटला जाण्याचा वा बुडण्याचा संभव जितका अधिक, तितके व्याज अधिक. आजच्या रोखेबाजाराचे शास्त्र या चार आकड्यांत बीजरूपाने सामावले आहे. जो ऋणको वीस पण देण्यास राजी होतो तो काही मनाचा उदार म्हणून नव्हे. त्याचे जहाज भर समुद्रात असते.

आजचा विषय आहे रोख्यांच्या म्युच्युअल फंडांतील गुंतवणूक, आणि त्या संदर्भात कंपन्यांच्या ‘परिचालन नफ्या’चे निरनिराळे हिशेब कसे वाचावेत हा. हे दोन विषय वेगवेगळे वाटतात. पहिला घरातील बचतीचा, दुसरा सनदी लेखापालांचा. वस्तुतः दुसऱ्याचा विचार न करता पहिल्यात पाऊल टाकल्यामुळेच २०१८ ते २०२० या तीन वर्षांत हजारो कुटुंबांची झोप उडाली.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घराची बचत दोन-तीन पिढ्या ठराविक वाटांनी चालत आली. पोस्टातील मासिक प्राप्ती योजना, राष्ट्रीयीकृत बँकेतील मुदत ठेव, ओळखीच्या सहकारी बँकेतील थोडी अधिक व्याजाची ठेव, नोकरदाराचा भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याची पॉलिसी. शेअरबाजार म्हणजे सट्टा, ही समजूत पक्की. १९६४ साली सुरू झालेल्या युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’ योजनेवर या वर्गाने जवळजवळ सरकारी ठेवीइतका विश्वास टाकला होता. जुलै २००१ मध्ये त्या योजनेतील खरेदी-विक्रीच थांबवण्यात आली, तेव्हा तो विश्वासही हलला. पुढे बँकांचे व्याजदर उतरत गेले, निवृत्तांचे मासिक गणित कोलमडू लागले, आणि मग गुंतवणूक सल्लागाराने घरी येऊन सांगितले, “डेट फंडात टाका. ठेवीसारखेच आहे, व्याज मात्र दीड-दोन टक्के जास्त.”

‘ठेवीसारखेच’ या एका शब्दात सारा घोटाळा आहे. बँकेत ठेव ठेवणारा माणूस बँकेला कर्ज देतो. बँक पुढे कोणाला कर्ज देते आणि ते वसूल होते की नाही, हे बँकेने पाहायचे. बँकच बुडाली तर ठेव विमा महामंडळ काही रकमेपर्यंत भरपाई देते. ही मर्यादा दीर्घकाळ एक लाख रुपये होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांवर सप्टेंबर २०१९ मध्ये जो प्रसंग ओढवला, त्यानंतर ही वाढ झाली हे मुंबई-ठाण्यातील अनेकांना आठवत असेल. रोख्यांच्या फंडाला मात्र असा विमा नाही, मुद्दलाची हमी नाही आणि व्याजाचे वचनही नाही. फंड हे केवळ भांडे आहे. त्या भांड्यातून ज्या कंपन्यांना पैसा जातो, त्यांनी तो परत केला तर युनिटधारकाचा, बुडवला तर तोटाही युनिटधारकाचाच. थोडक्यात, फंडाचे युनिट घेणारा ठेवीदार राहत नाही, तो सावकार होतो.

आपल्याकडे ‘सावकार’ हा शब्द बदनाम आहे आणि त्याला कारणेही तशीच घडली. तथापि जुन्या सावकाराचे एक ज्ञान नाकारता येणार नाही. कर्ज देताना तो खळ्यावर किती धान्य पडले एवढेच पाहत नसे. त्यातले बियाणे किती बाजूला काढायचे, वर्षभर घरात खायला किती लागणार, बैल म्हातारा झाला असेल तर नवा घ्यावा लागेल का, हे सारे वजा जाता ऋणकोच्या हाती काय उरते, यावर त्याची नजर असे. आजच्या मध्यमवर्गीय सावकाराला खळ्यावरची रास दाखवली जाते. बियाण्याचा आणि बैलाचा हिशेब त्याच्यापुढे येत नाही.

त्या हिशेबाकडे वळण्यापूर्वी रोख्यांच्या फंडातील पहिली जोखीम सांगायला हवी, कारण ती कंपनीच्या प्रामाणिकपणाशी निगडित नाही. रोख्यावरचे व्याज ठरलेले असते, पण बाजारातील व्याजदर ठरलेला नसतो. समजा, एखाद्याकडे सात टक्के व्याजाचा दहा वर्षांचा सरकारी रोखा आहे आणि बाजारात नवे रोखे आठ टक्क्यांनी मिळू लागले. मग त्याचा जुना रोखा पूर्ण किमतीला कोण घेणार? त्याची किंमत उतरते. व्याजदर चढले की रोख्यांच्या किमती पडतात आणि दर उतरले की किमती चढतात. किती, ते फंडाच्या ‘ड्युरेशन’ नावाच्या आकड्यावरून कळते. फंडाचे ड्युरेशन सात वर्षे असेल, तर व्याजदर एक टक्का वाढताच युनिटचे मूल्य साधारण सात टक्के घसरते. २०१३ च्या उन्हाळ्यात रुपया कोसळू लागला, रिझर्व्ह बँकेने जुलैत अल्पमुदतीचे दर एकदम वर नेले, आणि दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरील परतावा सुमारे सव्वासात टक्क्यांवरून काही आठवड्यांत नऊ टक्क्यांच्या आसपास गेला. सर्वांत सुरक्षित म्हणून निव्वळ सरकारी रोख्यांचे ‘गिल्ट’ फंड घेतलेल्यांनी आपले मूल्य दिवसेंदिवस घटताना पाहिले. सरकारने एक पैसाही बुडवला नव्हता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हाही दीर्घ मुदतीच्या फंडांना याच झळा बसल्या. ज्याला पैसा सहा महिन्यांनी मुलीच्या लग्नासाठी हवा आहे, त्याने दहा वर्षांच्या रोख्यांच्या फंडात तो ठेवणे म्हणजे रोख्याची मुदत आणि आपली गरज यांची गाठच न घालणे. ही जोखीम एवढ्या विवेकाने टळते. दुसरी जोखीम इतकी सरळ नाही.

दुसरी जोखीम ऋणको पैसे न देण्याची. भारतीय गुंतवणूकदाराने ती फार दिवस मनावर घेतली नव्हती, कारण रोख्यावर पतमानांकनाचा शिक्का असे. ‘एएए’ म्हणजे निर्धास्त, हे समीकरण ठरून गेले होते. आयएल अँड एफएस ही १९८७ साली स्थापन झालेली संस्था. सेंट्रल बँक, युनिट ट्रस्ट आणि एचडीएफसी तिचे प्रवर्तक. पुढे आयुर्विमा महामंडळ सर्वांत मोठे भागधारक. रस्ते, बोगदे, वीज, बंदरे असा पसारा, तीनशेहून अधिक कंपन्या आणि ९० हजार कोटी रुपयांहून अधिक कर्ज. ऑगस्ट २०१८ च्या आरंभापर्यंत तिच्या रोख्यांना सर्वोच्च मानांकन होते. सप्टेंबर संपण्यापूर्वी ते ‘डी’वर, म्हणजे थकबाकीदाराच्या पायरीवर आले. १ ऑक्टोबरला केंद्र सरकारने संचालक मंडळ हटवून नवे मंडळ नेमले. म्युच्युअल फंडांप्रमाणेच कित्येक आस्थापनांच्या भविष्य निर्वाह निधी न्यासांचा पैसाही या रोख्यांत होता. ज्यांनी आयुष्यात फंडाचे नावही ऐकले नव्हते, असे कर्मचारीही नकळत या सावकारीत भागीदार होते.

जून २०१९ मध्ये डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीने व्याजाचा हप्ता चुकवला आणि तिचे रोखे मोठ्या प्रमाणात बाळगणाऱ्या काही योजनांचे मूल्य एका दिवसात निम्म्याच्या आसपास आले. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे ‘अतिरिक्त टियर-एक’ रोखे शून्य ठरवण्यात आले. हे रोखे अनेक निवृत्तांनी मुदत ठेवीची सुधारित आवृत्ती समजून घेतले होते. आणि २३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत सारा देश घरात असताना, फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा कर्जरोखे योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले. सुमारे २५ हजार कोटी रुपये आणि तीन लाखांहून अधिक गुंतवणूकदार त्यात अडकले.

या सर्व प्रकरणांनंतर चर्चा झाली ती मानांकन संस्थांच्या गलथानपणाची, आणि ती योग्यच होती. आयएल अँड एफएस प्रकरणी सेबीने तीन संस्थांना दंडही केला. परंतु त्या चर्चेत एक साधा प्रश्न मागे पडला. या कंपन्या व्याज कशातून देणार होत्या? सावकाराचा पहिला प्रश्न हाच असायला हवा, आणि याच ठिकाणी ‘परिचालन नफा’ नावाचा आकडा पुढे येतो.

एका बसमालकाचे उदाहरण घेऊ. त्याने ४० लाखांची बस घेतली. आठ लाख स्वतःचे, ३२ लाख बारा टक्क्यांनी कर्जाऊ. मुद्दल पाच वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे. औद्योगिक वसाहतीतील कामगारांची ने-आण आणि सुट्टीच्या हंगामात यात्रा, असे मिळून वर्षाला ३० लाख उत्पन्न. डिझेल, चालकाचा पगार, टोल, दुरुस्ती, विमा मिळून २० लाख खर्च. उरले दहा लाख. हे दहा लाख म्हणजे व्याज, कर, घसारा आणि अमूर्त मालमत्तेची झीज वजा करण्यापूर्वीचा नफा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एबिटडा’ म्हणतात. पहिल्या वर्षाचे व्याज तीन लाख ८४ हजार. दहा लाखांना व्याजाने भागले की उत्तर येते २.६. बसमालक सावकाराला सांगतो, “माझा नफा तुमच्या व्याजाच्या अडीचपट आहे, चिंता कसली?”

पण बस आठ वर्षांनी भंगारात जाणार आहे. तिची झीज दरवर्षी पाच लाख. हा घसारा कागदावरचा आहे, रोख पैसा बाहेर जात नाही, असे म्हणून तो बाजूला ठेवण्याची प्रथा आहे. परंतु बस झिजते ती कागदावर नव्हे. आठ वर्षांनी धंदा चालू ठेवायचा तर नवी बस घ्यावीच लागेल. बैलाचा हिशेब तो हाच. घसारा वजा केला की उरतात पाच लाख. याला व्याज व करापूर्वीचा नफा, म्हणजे ‘एबिट’ म्हणतात. बहुतेक जण ज्याला परिचालन नफा म्हणतात तो साधारण हाच. आता व्याजाशी त्याचे प्रमाण १.३ आहे. अडीचपटीचा दिलासा सव्वापटीवर आला.

अजून मुद्दल बाकी आहे. दरवर्षी सहा लाख ४० हजार फेडायचे. दहा लाखांतून व्याज दिल्यावर उरतात सहा लाख १६ हजार. पहिल्याच वर्षी २४ हजार कमी पडतात, आणि घरखर्चाचा व कराचा विचार अजून केलेलाच नाही. नफ्यातला हा धंदा पहिल्या वर्षीच हप्ता चुकवणार, किंवा जुने कर्ज फेडायला नवे कर्ज काढणार. दुसऱ्या प्रकाराला वित्तक्षेत्रात ‘रोलओव्हर’ असे सभ्य नाव आहे.

आणखी एक गोष्ट. समजा, कारखान्याने शेवटच्या काही महिन्यांचे आठ लाख रुपयांचे बिल थकवले. हिशेबाच्या नियमाप्रमाणे बस धावली म्हणजे उत्पन्न झाले. नफा दहा लाखच दिसणार. हातात मात्र दोन लाख. व्याजही सुटत नाही. आयएल अँड एफएसच्या दुखण्याची एक मोठी बाजू नेमकी ही होती. रस्ते आणि प्रकल्प झाले, पण सरकारी प्राधिकरणांकडील दावे वर्षानुवर्षे वादात अडकले. पैसा गुंतला दहा-वीस वर्षांच्या कामांत आणि कर्जाचा मोठा हिस्सा घेतला कमी मुदतीचा. भरीस भर म्हणजे मूळ कंपनीच्या स्वतंत्र पत्रकात नफा आणि समूहाच्या एकत्रित पत्रकात तोटा, असे चित्र २०१७-१८ मध्येच दिसत होते. जो रोखा हाती होता तो कोणत्या कंपनीचा आणि तिचा पैसा समूहातील कोणाकडे अडकला आहे, हे एकत्रित पत्रकाशिवाय कळणे शक्य नव्हते. पुढे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने मागील पाच वर्षांचे हिशेब पुन्हा उघडण्यास अनुमती दिली, यावरून त्या पत्रकांवर किती विसंबावे हे उमगते.

एबिटडाचा जन्म फसवणुकीसाठी झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९७० च्या दशकात अमेरिकेत केबल दूरचित्रवाणीच्या तारा गावोगावी टाकणाऱ्या टीसीआय कंपनीचे जॉन मलोन यांनी या मापाचा पुरस्कार केला. तारा एकदा टाकल्या की बरीच वर्षे टिकत, घसारा मात्र आरंभी फार मोठा दिसे. त्यामुळे निव्वळ नफा पाहून त्या धंद्याची ताकद कळत नसे. त्या मर्यादेत मुद्दा खरा होता. १९८० च्या दशकात कर्ज काढून कंपन्या विकत घेण्याची लाट आली आणि कर्ज देणाऱ्यांनी हेच माप हाती घेतले. ते इतके रूढ झाले की पुढे ते फुगवणे हेच एक कसब होऊन बसले.

बसमालकाने इंजिनाच्या दुरुस्तीचे दोन लाख ‘खर्च’ म्हणून न लिहिता ‘नवी मालमत्ता’ म्हणून लिहिले, तर त्याचा एबिटडा दहाचा बारा लाख होतो. तिजोरीतील पैसा तेवढाच. अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने अब्जावधी डॉलरच्या प्रमाणावर हेच केले. इतर कंपन्यांचे जाळे वापरल्याबद्दल द्यावे लागणारे शुल्क हा तिचा रोजचा खर्च. तो भांडवली मालमत्ता म्हणून नोंदवला गेला. मे २००१ मध्ये तिने जवळजवळ १२ अब्ज डॉलरचे रोखे विकले होते. अमेरिकी कंपनीची तोवरची ती सर्वांत मोठी रोखेविक्री. जून २००२ मध्ये पहिल्यांदा ३.८ अब्ज डॉलरची लबाडी उघड झाली, जुलैत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि प्रमुख बर्नार्ड एबर्स यांना २००५ साली २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

वर्ल्डकॉमने नियम मोडले होते. नियम न मोडताही हे करता येते. व्हीवर्क ही कंपनी इमारती दीर्घ मुदतीने भाड्याने घेऊन त्यातील जागा लहान उद्योजकांना अल्प मुदतीने देत असे. एप्रिल २०१८ मध्ये तिने ७० कोटी डॉलरचे रोखे विकले. त्या वेळी दिलेल्या माहितीत ‘सामुदायिक समायोजित एबिटडा’ नावाचा एक आकडा होता. त्यातून व्याज, कर व घसारा तर वगळलाच होता, शिवाय जाहिरात, प्रशासन, नव्या जागा उभारण्याचा खर्चही वगळला होता. २०१७ सालासाठी हा आकडा २३ कोटी डॉलर नफा दाखवत होता. त्याच वर्षी कंपनीचा निव्वळ तोटा ९० कोटी डॉलरहून अधिक होता. लपवाछपवी काहीच नव्हती, दोन्ही आकडे वाचणाऱ्यापुढे होते. तरी रोखे खपले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

नियम बदलल्यानेही हा आकडा बदलतो. १ एप्रिल २०१९ पासून भारतात भाडेकरारांच्या हिशेबाचे नवे मानक लागू झाले. त्यापूर्वी दुकानाचे भाडे हा सरळ खर्च होता आणि तो एबिटडातून वजा होई. नव्या पद्धतीत त्याचे घसारा आणि व्याज असे दोन भाग झाले, आणि एबिटडा दोन्ही वजा करण्यापूर्वीचा असल्याने भाडे त्यातून अंतर्धान पावले. भाड्याच्या जागांत दुकाने चालवणाऱ्या साखळ्यांचा, विमाने भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांचा एबिटडा एका रात्रीत वधारला. दुकानमालकाला मात्र महिन्याच्या महिन्याला तेवढेच भाडे जात होते. मागच्या वर्षीशी तुलना करून ‘एबिटडात भरघोस वाढ’ असा मथळा वाचणाऱ्याला हे कोण सांगणार?

आश्चर्य असे की ‘परिचालन नफा’ या शब्दाचीच सर्वमान्य व्याख्या आंतरराष्ट्रीय लेखामानकांत दीर्घकाळ नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएफआरएस-१८ या मानकाने प्रथमच या नफ्याची ओळ नफा-तोटा पत्रकात अनिवार्य केली. १ जानेवारी २०२७ नंतर सुरू होणाऱ्या हिशेबवर्षांना ते लागू व्हायचे आहे. व्यवस्थापनाने स्वतः रचलेली मापे वापरायची तर ती कशी काढली, हे लेखापरीक्षित टिपांत सांगावे लागेल. एबिटडाची व्याख्या मात्र या मानकानेही केलेली नाही.

आता फंडांकडे परत येताना एक अडचण ध्यानी घ्यायला हवी. भारतातील रोख्यांच्या फंडांतील पैशाचा फार मोठा भाग कारखान्यांकडे जात नाही. तो बँका आणि वित्तसंस्थांकडे जातो. तेथे एबिटडा हे मापच निरर्थक आहे. व्याज हा बसमालकाच्या दृष्टीने भांडवलाचा खर्च, पण वित्तसंस्थेचा तो कच्चा माल आहे. तो वगळून नफा मोजणे म्हणजे हलवायाने दूध आणि साखर वगळून पेढ्याचा नफा मोजण्यासारखे. वित्तसंस्थेत मिळालेल्या व्याजातून दिलेले व्याज आणि कचेरीचा खर्च वजा केला की परिचालन नफा येतो. तो येतो बुडीत कर्जांसाठी तरतूद करण्यापूर्वी.

हा आकडा आपल्या वाचकाला चांगला परिचयाचा आहे. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गावोगावच्या सहकारी बँका आणि पतसंस्था वृत्तपत्रांत पान-पान जाहिराती देतात, चौकात फलक लावतात: ठेवी इतक्या, कर्जे इतकी आणि ‘ढोबळ नफा’ इतका. ढोबळ हा शब्द मराठीने फार प्रामाणिकपणे दिला आहे. बुडालेल्या आणि बुडू घातलेल्या कर्जांसाठी किती रक्कम बाजूला काढायची, हे ठरण्यापूर्वीचा तो आकडा. तरतुदीनंतर निव्वळ काय राहिले, हे वार्षिक सभेच्या अहवालात कळते आणि तोपर्यंत फलक उतरलेले असतात. मोठ्या वित्तसंस्थांचेही याहून वेगळे नाही. कर्जवाटप जोरात असताना परिचालन नफा दरवर्षी वाढत राहतो, कारण आज दिलेले कर्ज बुडायला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून वित्तसंस्थेचा रोखा बाळगणाऱ्याने नफ्याच्या ओळीपाशी न थांबता ढोबळ व निव्वळ अनुत्पादक कर्जे, भांडवल पर्याप्तता, आणि येत्या वर्षभरात फेडायची देणी विरुद्ध वर्षभरात वसूल होणारी येणी हे तीन आकडे पाहावेत. डीएचएफएल वीस वर्षांची गृहकर्जे देत होती आणि त्यासाठी काही महिन्यांच्या मुदतीचे वाणिज्य पत्रही विकत होती. बाजाराने एक दिवस नवे पत्र घेण्यास नकार दिला आणि पुढे कंपनीला सावरता आले नाही.

फ्रँकलिनच्या योजनांचा धडा थोडा निराळा. त्या योजनांत कमी मानांकनाचे, अधिक व्याजाचे रोखे बरेच होते. टाळेबंदीत गुंतवणूकदार पैसे परत मागू लागले आणि त्या रोख्यांना गिऱ्हाईक नव्हते. कौटिल्याच्या भाषेत, जहाजे समुद्रात होती आणि सावकाराला पैसा आजच हवा होता. चार दिवसांनी रिझर्व्ह बँकेने म्युच्युअल फंडांसाठी ५० हजार कोटींची खास तरतूद जाहीर केली, पण त्या सहा योजना बंद झाल्या त्या झाल्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, वसुली व वाटपाचे काम स्टेट बँकेच्या फंड कंपनीकडे सोपवले गेले, आणि फेब्रुवारी २०२१ पासून हप्त्याहप्त्याने पैसे परत आले. अखेरीस योजना गुंडाळतेवेळच्या एकूण मूल्याहून अधिक. म्हणजे पैसा बुडाला नाही. परंतु ज्या घरात त्या वर्षी कोणी रुग्णालयात होते, त्या घराला ‘बुडाला नाही’ आणि ‘मिळाला नाही’ यांत फरक दिसला नसेल.

मग काय करावे? सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये कर्जरोखे योजनांचे सोळा प्रकार ठरवून दिले, त्याचा मोठा उपयोग आहे. एका दिवसाच्या व्यवहारांचा ओव्हरनाइट फंड, ९१ दिवसांपर्यंतच्या रोख्यांचा लिक्विड फंड, ८० टक्के पैसा बँका व सार्वजनिक उपक्रमांत ठेवणारा फंड, ८० टक्के सरकारी रोख्यांचा गिल्ट फंड, आणि दुसऱ्या टोकाला ६५ टक्के पैसा कमी मानांकनाच्या रोख्यांत घालणारा ‘क्रेडिट रिस्क’ फंड. नावातच ‘रिस्क’ असलेली योजना निवृत्ताला ठेवीला पर्याय म्हणून विकणाऱ्या सल्लागाराला पुन्हा घरी बोलावू नये, एवढे तरी करता येईल. घराला वर्ष-दोन वर्षांत लागणारा पैसा पहिल्या दोन-तीन प्रकारांपलीकडे नेण्याचे कारण नाही. कराचे आकर्षणही आता उरलेले नाही: १ एप्रिल २०२३ नंतर अशा फंडांत घातलेल्या पैशावरील लाभाला, तो कितीही वर्षांनी काढला तरी, प्राप्तिकराचा नेहमीचाच दर लागतो. पूर्वी तीन वर्षांनंतर मिळणारी महागाई निर्देशांकाची सवलत संपली. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील गृहस्थ केवळ करासाठी जोखीम पत्करत असेल, तर त्याने ते गणित नव्याने मांडावे.

फंड कोणाकोणाचे रोखे बाळगतो, याची संपूर्ण यादी फंड कंपनीला दरमहा प्रसिद्ध करावी लागते. पन्नास नावे पाहण्याची गरज नाही. वरची दहा पुरेत. एखाद्या एकाच समूहाची दोन-तीन नावे त्यात दिसली तर थबकावे. सरकारी आणि बँकांची नावे सोडून उरलेल्यांपैकी एक-दोन कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडावेत. ते विनामूल्य मिळतात. एकत्रित पत्रकात ‘रोख प्रवाह पत्रक’ असते. त्याचा पहिला भाग धंद्यातून प्रत्यक्ष आलेल्या पैशाचा. त्यात एक खाच अशी की भारतीय मानकांप्रमाणे वित्तसंस्था नसलेली कंपनी दिलेले व्याज या भागात दाखवत नाही; ते तिसऱ्या, वित्तपुरवठ्याच्या भागात असते. म्हणून पहिल्या भागातील रकमेतून तिसऱ्या भागातील व्याज वजा करावे, दुसऱ्या भागातील यंत्रसामग्रीवरचा खर्च वजा करावा, आणि उरलेला आकडा तीन-चार वर्षे ओळीने मांडावा. तो दरवर्षी ऋण येत असेल आणि त्याच वर्षी एबिटडा दरवर्षी वाढत असेल, तर कंपनी व्याज कशातून देत आहे हे तिसऱ्याच भागातील ‘नवीन कर्जे’ या ओळीत सापडेल. तिमाही निकालांच्या ज्या चौकटी वृत्तपत्रांत छापून येतात, त्यांत हे पत्रक नसते. सूचिबद्ध कंपन्यांना ते सहा महिन्यांनी एकदा द्यावे लागते; त्यामुळे ही पाहणी नोव्हेंबरच्या मध्यानंतर आणि मेअखेरीनंतर करावी.